या घरात कोणी राहत होतं का?

डिपॉझिट पूर्ण परत कसं मिळवायचं, ते मला विचारा. आमच्याकडे ते घरमालकाच्या खिशात जात नाही. कायद्यानं सरकारी कार्यालयात जमा राहतं. घर सोडताना दोघांची सही झाली की परत. वाद झाला तर तपासनीस येतो. हे सगळे नियम मला तोंडपाठ होते आणि त्यापायी तीन वर्षं घरात कोणाला चैन नव्हतं.

भिंतीला खिळा नाही. दार आपटायचं नाही. खुर्ची सरकवायची नाही, उचलून ठेवायची. "आपण इथं भाड्यानं राहतोय की चोरून?" बायको विचारायची. सासूबाई आठवडाभरासाठी आल्या आणि तिसऱ्याच दिवशी परत गेल्या. तेही मी फायद्यात धरलं.

घर सोडायचा दिवस उजाडला. टेम्पो खाली उभा. नवा घरमालक त्या सरकारी कार्यालयात पाचपर्यंतच थांबणार होता. तोवर इथलं डिपॉझिट सोडवून त्याच्या नावे भरलं नाही तर घर दुसऱ्याला. आमच्या घरमालकीणकाकू आल्या. बेसिन पाहिलं, भिंती पाहिल्या, कपाट उघडून वास घेतला. मी कौतुकाची वाट बघत उभा!

"तुम्ही इथं राहतच नव्हता," काकू म्हणाल्या.

"म्हणजे?"

"दोन मुलं, तीन वर्षं आणि एक ओरखडा नाही? घर बंद ठेवून भलतीकडेच राहिलात. करारात आहे, घर बंद ठेवलं तर डिपॉझिट जप्त."

कलम अकरा. मलाही पाठ होतं. मी बिलांची फाईल काढली.

"काकू, विजेचं बिल बघा."

"बघितलं. एवढं कमी तर माझ्या जिन्याचंही येत नाही."

शेजारच्या शिंप्याला साक्षीला बोलावलं. तो म्हणाला, "कधी आवाज आला नाही बुवा. मला वाटलं, रिकामंच आहे."

शेवटी तपासनीस आले. शांत माणूस. "राहिल्याची एखादी खूण दाखवा," म्हणाले.

मग काय, अख्खं कुटुंब रांगत डाग शोधायला लागलं! मी मुलांच्या विनवण्या करत होतो, "आठवा रे, कुठं काही खराब केलंय का? रागावणार नाही."

"बाबा, तुम्ही करूच दिलं नाहीत," थोरली म्हणाली. तिचा आवाज ऐकून मला पहिल्यांदाच वाईट वाटलं.

साडेचार झाले. आतल्या खोलीतलं शेवटचं खोकं उचलताना बायकोनं हाक मारली, "अहो, इकडे या."

खोक्यामागं भिंतीवर, जमिनीपासून अडीच फुटांवर, तेलकट गोल डाग! मी त्याला हात लावून नमस्कार करायचा बाकी होतो.

"आधीच्या भाडेकरूचा असेल," काकू म्हणाल्या.

तपासनीसांनी एकेकाला भिंतीशी बसवलं. मुलांची डोकी खालीच राहिली. बायकोचंही पोचेना.

"अहो, आता तुम्ही बसा," बायको म्हणाली.

मी मांडी घालून टेकलो. डोकं डागात चपखल बसलं. सोफ्याचं कापड झिजू नये म्हणून रोज संध्याकाळी मीच तिथं जमिनीवर बसून भाडेकरार वाचत असे.

तपासनीसांनी लिहिलं: 'कुटुंब राहत होतं, हे सिद्ध. नुकसान: एक डाग. जबाबदार: कुटुंबप्रमुख. इतरांनी घर उत्तम ठेवलं.' खोली रंगवण्याचे पैसे कापून काकूंनी सही केली.

पाचला पाच मिनिटं कमी असताना आम्ही कार्यालयात पोचलो. कमी पडलेले पैसे बायकोनं पर्समधून काढले. नव्या घरमालकानं तपासनीसांचा कागद दोनदा वाचला, माझ्याकडे एकदा पाहिलं आणि करार बायकोच्या नावानं केला.