बैलाचे दात आन् माजी हिस्ट्री

यंदा कुणाचा बाप आला तरी आमच्या मैदानात चिटिंग करू शकत न्हाई! का? तर बैलगाडी शर्यतीची नोंदणी वेबसाईटवर हाय, आन् ती वेबसाईट मी बनवलीया! नववीतनं शाळा सोडली म्हणून जे दात काढत हुते ना, त्येच आता नोंदणीसाठी माज्या मागं फिरत्यात.

आमच्या आबांनी मातूर अट घातलीवती. "मैदान भांडणाबिगर पार पाड, शाळंचं नाव काढणार न्हाई. न्हाई तर सतरा नंबर फॉर्म भरून गुमान भायेरनं दहावीला बसायचं!"

मी म्हणलं, "बघाच तुमी!"

कारण साईटीत एक लय भारी गोष्ट हाय. कुणी नोंद बदलली की आधी काय हुतं, आता काय झालं आन् कुणी बदललं, समदं आपसूक 'हिस्ट्री'त साठतं.

शर्यतीदिवशी सकाळीच आदत गटात खोंड घेऊन आल्याले आकाराम तात्या पेटले. "आरं, गुंडाचा बैल आदत गटात? आदत म्हंजी दुधाच्या दातांचं खोंड! ह्याला मिशा तेवढ्या फुटायच्या ऱ्हायल्यात!"

बैलाचं त्वांड उघडलं. पुढं दोन पक्के दात!

बैलाचा मालक गुंडा तर तात्यांच्या बी डबल भडकला. "मी दोन दातांच्या दुसा गटातच नाव दिलंवतं! माजा बैल बदनाम कुणी केला?"

बाह्या वर सरकल्या. कमिटीचे अध्यक्ष बिराप्पाअण्णा माइकवरनं वरडले, "शिवतेज! तुजी साईट काय म्हणतीया?"

"आत्ता चोर दावतो!" म्हणत मी हिस्ट्री थेट मोठ्या स्क्रीनवर लावली.

गट : आधी दुसा, आता आदत. बदलणारा : शिवतेज.

मी घाईनं खाली सरकवलं. कुणाचा नंबर बदलला, शिवतेज. कुणाचा बैलच बदलला, शिवतेज. लग्नपत्रिकेत निमंत्रकांची असती तशी नावांची रांग, फकस्त नाव एकच!

माजी बहीण अंकितादीदी कवाची सांगत हुती, "परत्येकाला येगळा पासवर्ड दे." मी म्हणलं, कोण कुटाणा करतंय? अख्ख्या कमिटीला माजाच दिला. त्येंनी त्यो इसरू नये म्हणून चहाच्या टपरीवर खडूनं लिवला!

"आवं अण्णा, पासवर्ड माजा, पर बोट दुसऱ्याचं हाय!"

"म्हंजी साईट खोटं बोलती?"

"न्हाई! एकदम खरं बोलती!"

"मग तूच की रं!"

"न्हाई ओ!"

"गुंडानं काय चारलं रं तुला?" कुणीतरी मागनं वरडलं.

"ह्याला मी चा सुद्दा पाजला न्हाई!" गुंडा बोंबलला. त्येवढं एकच खरं बोलणं त्या दिवशी माज्या बाजूनं झालं.

माजं डोस्कं सटकलं! "ऱ्हाऊच दे ही हिस्ट्री!" म्हणत समदी पुसून टाकली. स्क्रीन कोरी करकरीत! सुटलो म्हणून श्वास घेतोय, तवर तिथं एक नवी ओळ उगवली.

सगळ्या नोंदी पुसल्या. पुसणारा : शिवतेज.

हसून हसून लोकांच्या टोप्या पडल्या. शेजारी बसलेल्या हेडमास्तरांकडं बघून आबांनी नुसती मान हलवली, आन् मास्तरांनी बी हलवली.

पर गड्यांनो, खरं सांगू? त्या गडबडीत कुणाच्या ध्यानातच आलं न्हाई. साईट एका जाग्याला सुद्दा चुकली न्हाई!