हकिकत कळमेश्वरच्या तिकिटाची

"गाडीनं येजो वं नीला. बसनं नोको येऊ, टाके दुखतीन तुहे. गाडीले दहाच रुपये लागते, हे घे."

ऐसी आज्ञा कळमेश्वरकरीण रुख्मिणीबाई यांनी धंतोलीचे इस्पितळी खाट नंबर सातावरून खाट नंबर आठास केली, आणि सोबत दहाची नोट मुठीत कोंबिली. खाट नंबर आठावर उपवासधुरंधर, व्रतसहस्रमंडित, मंदवाणी-अलंकृत सौभाग्यवती नीलाबाईसाहेब, वस्ती सक्करदरा, सुभा नागपूर, म्हणजे हे लिहिणारी खासा मीच, पित्ताचे खडे काढवून निजली होती. रुख्मिणीबाईंचेही खडेच. दोघी पाच दिवस एका पडद्याचे दोन बाजूंस राहिल्या, आणि घरून आलेले ज्वारीचे आंबील रुख्मिणीबाईंनी दोन वाट्यांत वाटिले, आणि कळ येई तेव्हा पडद्याखालून हात पुढे केला. मग बाईसाहेबांनी वचन दिधले, की येत्या एकादशीस कळमेश्वरी येते.

त्यास दोन वर्षे चार महिने जाहले, आणि पन्नासांवर एकादश्या गेल्या. कारण पुसाल तर सोमवार महादेवाचा, मंगळवार गणपतीचा, गुरुवार दत्ताचा, शुक्रवार देवीचा, शनिवार मारुतीचा, आणि रविवारी पोरांचा फोन; राहिला बुधवार, तर बुधवारी नळास पाणी नाही. आणि एकादशीस उपवास, सबब प्रवासात गळाठा येईल ऐसी धास्ती. ही नाकेबंदी बाईसाहेबांनी आपले हातेच बसविली आणि आपणच आत कोंडल्या. नोट मात्र देवघरी अन्नपूर्णेपुढे ठेविली, आणि नित्य हळदकुंकू वाहिले, तो नोट भंडाऱ्यासारखी पिवळी जाहली. तिची पूजा एक दिवस चुकली नाही आणि तिचे काम एक दिवस जाहले नाही.

ऐसे असता माघ वद्य दशमी, रविवार, दुपारी चार वाजता युद्धास तोंड लागले. चिरंजीव ऋषीराव स्वित्झर्लंड मुलखी चाकरीस आहेत आणि कन्या अदितीबाई जपानात. उभयतां फोनच्या पडद्यावर प्रगटली. ऋषीरावांनी बढाई मारिली, की इकडील गाडी मिनिट चुकत नाही. त्यावर बाईसाहेबांचे यजमान, विमा कचेरीचे निवृत्त हेडक्लार्क राजश्री मधुसूदनपंत, चहाचा कप हाती धरोन वदले, "मिनिटाचे पैसे वेगळे घेतात का रे?"

येथून भाड्याची गोष्ट निघाली, आणि कोणाचा मुलूख स्वस्त यावर खडाजंगी जाहली. बाईसाहेबांस राष्ट्राभिमानाने घेरिले. त्यांनी पळीभर पाणी ताम्हनात सोडोन संकल्प केला, की आपला रूळ सर्वांत स्वस्त न ठरल्यास होळीपावेतो चहा वर्ज्य.

"झालं," पंत म्हणाले. "आणखी एक नेम."

मग कायदा ठरला, की अंतर सर्वांनी एकच धरावे. कोणते धरावे ऐसे ऋषीरावांनी पुसिले, आणि बाईसाहेबांचे मुखातून आपसूक शब्द पडला: कळमेश्वर.

"आई, म्यूटवर आहेस तू," अदितीबाई म्हणाली.

म्यूट नव्हते. बाईसाहेबांचा आवाजच तितका. मग पंतांनी कळमेश्वर मोठ्याने उच्चारिले, आणि सात-आठ कोसांचा पल्ला कायम जाहला, आणि तिन्ही मुलखांत शोध सुटले. ऋषीरावांचा जाब आला, की तितक्या वाटेस तिकडे हजारावर रुपये पडतात. अदितीबाईचा आला, की दोन-अडीचशे. आमचे दहा. आल्प्स पर्वताची फौज माघारी फिरली, आणि बाईसाहेबांनी पंतांचे कपाकडे विजयी नजरेने पाहिले.

परंतु ऋषीराव हिकमती. त्यांनी नवी तोफ डागली, की नुसता भाव काय पाहता, तिकिटास किती वेळ राबावे लागते ते पाहा. मला पंधरा-वीस मिनिटे. पंतांनी लगोलग कागद घेतला, आणि कळमेश्वरचे एमआयडीसीत रोजी पाचशे धरिली, तो दहाच मिनिटे निघाली. दुसरीही लढाई फत्ते. इतक्यात अदितीबाईने सहज पुसिले, "आणि आईची किती मिनिटं?"

पंतांनी पेन उचलिले आणि ठेविले. बाईसाहेबांस तनखा नाही, सबब भागाकार होईना. तीस वर्षांचा स्वयंपाक वर ठेविला तरी खाली मांडण्यास आकडा नव्हता. ही तोफ कोणाकडेच तोंड करून नव्हती, तरी लागली.

मग पंतांनी विषय पालटावा म्हणोन फोन चाळिला, आणि फितुरी केली.

"अगं, लक्झेंबर्गात फुकट आहे. अख्ख्या देशात. दुसऱ्या वर्गाला तिकीटच नाही."

ऋषीरावांनी टाळ्या पिटिल्या. नागपूर जिल्ह्याहून चिमुकले संस्थान, आणि त्याने दहाच्या आकड्यास शून्याने चीत केले. होळी तीन आठवडे दूर होती. बाईसाहेब उठोन देवघरी गेल्या, चुकी कबूल करावी म्हणोन निरांजन लाविले, आणि उजेड नोटेवर पडला. "दहाच रुपये लागते, हे घे." मग त्या बाहेर आल्या, आणि या जन्मी प्रथमच त्यांचा आवाज पडद्यापलीकडे पोहोचला.

"माझंही तिकीट शून्य आहे. रुख्मिणीबाईंनी काढून दिलंय."

"ती हळदीची नोट?" पंत म्हणाले. "मग गेली काहून नाहीस?"

हे त्यांनी आवाज न चढविता विचारिले. 

ऋषीराव बोलिले, की शून्यास शून्य, बरोबरी. परंतु अदितीबाईने निवाडा फिरविला. "नाही हं. गाडीत बसल्याशिवाय भाडं कसलं? बसली तर धरू."

हा निवाडा सर्वांनी मान्य केला. आणि चहा तूर्त जप्त राहिला.

रुख्मिणीबाईंचा नंबर कोणी घेतला नव्हता. त्यांनी सांगितलेला पत्ता इतकाच, की ठेसनाबाहेर चिंच आहे, तिथं कोणालेही माहं नाव सांग. चिंच असेल. नाव सांगितल्यावर समोरचा मनुष्य काय सांगेल, याची धास्ती बाईसाहेबांस फार वाटली, आणि सव्वादोन वर्षांत प्रथमच ती उपवासाचे नावावर घालता आली नाही.

माघ वद्य एकादशी, जिला विजया म्हणतात, वार सोमवार, म्हणजे दुहेरी उपवास. पहाटे स्नान, तुळस, पूजा यथासांग जाहली. पंत अंथरुणातून वदले, की खिडकीवर ती नोट घेणार नाहीत, दुसरी दहाची ठेव. बाईसाहेबांनी नोट फडक्याने पुसिली. पिवळा रंग हटला नाही, परंतु आकडा वाचता येऊ लागला. दुसरी घेतली नाही.

सबब दफ्तरी नोंद करण्यात येते, की स्वित्झर्लंड, जपान यांचा मोड जाहला, लक्झेंबर्गाशी बरोबरीचा तह ठरला, आणि सदरहू फत्तेवर शिक्का कळमेश्वरी उतरल्यावर बसेल. चहा तेथेच घेणे. आंबील पुढे आले तर एकादशीचे काय, हा पेच नारायणावर सोडिला आहे.

मग बाईसाहेबांनी नोट पदराचे गाठीस बांधिली, आणि पुन्हा निजलेल्या पंतांची झोप मोडू नये म्हणोन कडी हळूच ओढिली, आणि ठेसनाची वाट धरिली.