साडेदहाची गाडी

दर आठ दिवसांनी डॉ. मोईन शेख इस्त्रीचा पांढरा शर्ट घालून माझ्या उसात जाऊन उभे राहत. कोरोनात आपल्या कपाळाला लावायचे, तसली तापाची बंदूक त्यांच्या हातात असे. ती ते उसाच्या पानावर रोखत, आकडा वहीत टिपत आणि मान वर करून आभाळाकडे बघत. काय चाललंय म्हणून विचारलं तर सांगत, "साडेदहाची गाडी आहे."

हेच त्यांनी एकदा कोल्हारच्या स्टँडवर चहा पिताना मला सांगितलं. शेजारच्या बाकावरच्या म्हाताऱ्यानं कान टवकारले. "मनमाडवरनं जाती का?" डॉक्टरांनी क्षणभर विचार केला आणि प्रामाणिकपणे म्हणाले, "जाते. पण थांबत नाही." त्यावर म्हातारा एसटीच्या कारभाराबद्दल बराच वेळ बोलत होता आणि डॉक्टर गंभीरपणे मान डोलवत होते.

गाडी म्हणजे उपग्रह. पिकाला पाणी मिळालं की पान घाम गाळतं आणि गार राहतं. तहानलेलं पान तापतं. तो ताप उपग्रह वरून बघतो आणि त्यावरून कुठल्या शेतानं किती पाणी प्यायलं ते काढता येतं. उपग्रह खरं सांगतोय की नाही, हे खालून पडताळायला डॉक्टर दिवाळीनंतर आमच्या वरच्या खोलीत भाड्यानं राहायला आले होते, जेवायला खाली आमच्यातच. मूळचे नगरचे, शिंप्याचा मुलगा, वय पस्तिशीचं. पीएचडी करून वर्षं झाली तरी पुढचं संशोधन चालू होतं. पीएचडीच्या पुढंही काही असतं हे आमच्या वस्तीला ठाऊक नव्हतं. "अजून पास न्हाई झाले का?" असं लोक मला बाजूला घेऊन हळूच विचारत.

डॉक्टरांचा लाडका शब्द 'ढोबळमानाने'. जेवण झालं का म्हटलं तर "ढोबळमानाने झालं." माझ्या बायकोनं, सुमननं, एकदा आमटीत मीठ बरोबर आहे का विचारलं. त्यांनी दोन घोट घेतले आणि सांगितलं, बरोबर आहे, अधिक-उणे चिमूटभर. ती आठवडाभर मला हे ऐकवत होती, कारण मी पंचवीस वर्षांत एवढंही सांगितलं नव्हतं.

संक्रांतीनंतर एका दुपारी त्यांनी मला लॅपटॉपवर आमच्या शिवाराचा नकाशा दाखवला. तहानलेली शेतं लाल, पाणी प्यायलेली निळी. कालव्याच्या चारीला पाणी होतं, पण पाळी आमची नव्हती. तरी माझा ऊस निळाशार.

"सर, हा तुकडा तुमचा," डॉक्टर म्हणाले.

"विहिरीचं पाणी," मी म्हणालो.

"विहिरीत मी मंगळवारी टेप सोडला होता. कोरडाच तळाला टेकला."

आता सांगायला हरकत नाही. चारीच्या भरावाखालून माझा एक पाइप होता. तो कुणाला दिसत नव्हता. वरून दिसेल हे माझ्या डोक्यात आलं नव्हतं. मी शाळेत नागरिकशास्त्र शिकवतो.

पुढचे चार दिवस सुमननं माझ्या सांगण्यावरून डॉक्टरांना मासवड्या, शेंगोळे, गुळाच्या पोळ्या असं सगळं खाऊ घातलं. ते मनापासून जेवले. विषय काही काढला नाही. पाचव्या दिवशी मलाच राहवेना. हे ते कुठं कळवणार का, असं मी सरळ विचारलं.

"माझ्या लेखात नावं नसतात, सर. ठिपके असतात. तुम्ही एक ठिपका आहात."

मला फार हलकं वाटलं. मग त्यांनी लॅपटॉप उघडून नकाशावर बोट चारीच्या शेवटच्या टोकाला नेलं. तिथं एक लालभडक ठिपका होता. "तुमच्या ठिपक्यामुळं हा असा झालाय. तुम्ही मोठे आहात, मी काय सांगणार?"

तो बाबूभाई तांबोळींचा घास होता, म्हशींसाठी लावलेला. आमच्याकडं दूध बाबूभाईंचंच. अलीकडं ते माप कमी घालतात म्हणून मी गेल्याच आठवड्यात त्यांना बरंच सुनावलं होतं.

दुसऱ्या दिवशी शाळा सुटल्यावर मी पाइपाचं तोंड सिमेंटनं बुजवलं. डॉक्टरांनी घमेलं धरलं. त्यांनी एकच प्रश्न विचारला, पाइप किती इंची होता, नोंदीसाठी.

त्यानंतर आजारी माणसाची करावी तशी ते, गाडी नसली तरी, रोज माझ्या उसाची विचारपूस करू लागले. बंदूक रोखून "आज थोडी कणकण आहे" म्हणत. महिनाभरानं लॅपटॉप घेऊन पळत आले. बाबूभाईंचा ठिपका लालाचा पिवळा झाला होता. बाबूभाई स्वतःच म्हणाले, "सर, लई दिवसांनी घास वर आला," आणि अर्धा लिटर दूध जास्त घालून गेले. ते मी मान खाली घालून घेतलं.

मे महिन्यात, ज्यांच्या हाताखाली डॉक्टरांचं संशोधन चालायचं त्या पुण्याच्या मॅडमचा मला फोन आला. मोईनची तब्येत बरी आहे ना, असं त्यांनी विचारलं. मी म्हटलं, उत्तम. रोज उसात जाऊन मापं घेतात. मॅडम म्हणाल्या की शेतावरचं काम होळीलाच संपलंय. आकडे सगळे मिळाले. आता पुण्याला येऊन लिहायचं तेवढं बाकी आहे. पण कधीही विचारलं की तो सांगतो, थोडी मापं राहिलीत.

घरचं कुणी, मी विचारलं. आई तो शिकत असतानाच गेली, वडील दोन वर्षांपूर्वी. "इथं असला की डबा खोलीवर नेऊन एकटाच जेवतो," मॅडम म्हणाल्या. "कुणाशी फारसं बोलत नाही."

मला ईद आठवली. नगरला जाणार नाही का विचारल्यावर डॉक्टर म्हणाले होते, त्या दिवशी गाडी आहे. सुमननं शेवयांची खीर केली, ती त्यांनी तीन वाट्या खाल्ली. मला तेव्हा तो कामाचा ध्यास वाटला होता.

मी सुमनला फोनचं सांगितलं. ती म्हणाली, "त्यांच्याजवळ काही काढू नका."

संध्याकाळी जेवायला बसल्यावर तिनं भाजी वाढता वाढता डॉक्टरांना विचारलं, "आज काय म्हणतोय ऊस?" हे ती रोजच विचारायची. उत्तराकडं तिचं फारसं लक्ष नसे, माझं तर नसेच. डॉक्टरांनी सकाळचा आकडा सांगितला, वारा जरा होता असं सांगितलं आणि थांबले. एरवी इथं मी भाकरीकडं वळत असे. त्या दिवशी मी हात थांबवला आणि विचारलं, "आणि बांधाकडच्या पानांचं कसं आहे?"

त्यांनी माझ्याकडं पाहिलं. मग खिशातली वही काढून ताटाशेजारी उघडली, मागची पानं उलटत पार दिवाळीपर्यंत गेले आणि तिथून सांगायला लागले.