४७८ पाय, ७५४ भोकं

खरेदी ही गंमत नव्हे, हे मी आधीच स्पष्ट करतो. मी हिरामण गांगुर्डे, एका बांधकाम कार्यालयात वरिष्ठ लिपिक, खरेदी शाखा. गेली बावीस वर्षं टाचणीपासून डांबरापर्यंत सगळं मी तीन कोटेशनं मागवूनच घेतो. ज्याचा दर कमी, त्याचा माल. यात डोकं चालवावं लागत नाही, आणि ते न चालवल्यामुळेच आजवर माझ्यावर एकही चौकशी लागलेली नाही.

नाशिकरोडच्या आमच्या कॉलनीतला रस्ता आणि गटार ही दोन्ही कामं माझ्याच टेबलावरून गेली. रस्ता एका न्यूनतम दरवाल्याने केला, गटार दुसऱ्या न्यूनतम दरवाल्याने. गल्लीच्या तोंडाशी गटार आडवं जातं, तिथे ते रस्त्यापेक्षा फूटभर वर आलं. लोकांनी त्यावर एक शहाबादी फरशी टाकली आणि विषय मिटला. कागदावर दोन्ही कामं निर्दोष आहेत, वाटल्यास फाइल दाखवतो.

तर २००५ सालच्या चौदा एप्रिलला, जयंतीच्या मिरवणुकीतून परत येताना, मी आमच्या स्नेहलला शब्द दिला. ती तेव्हा डिप्लोमाच्या दुसऱ्या वर्षाला होती. गाड्यांच्या शर्यतीचा एक कॉम्प्युटर गेम ती सायबर कॅफेत असा खेळायची, की पोरं आपलं खेळणं सोडून तिच्या खुर्चीमागे उभी राहायची. बारा जूनला, रविवारी, कॉलेज रोडवर त्या गेमची स्पर्धा होती. अट एकच, प्रत्येकाने आपापल्या कॉम्प्युटरचा कॅबिनेट घेऊन यायचा.

"पप्पा, कॉम्प्युटर नसेल तर नावच घेणार नाहीत," ती म्हणाली.

"घेऊ," मी म्हणालो. "बारा जूनच्या आत घेऊ. गांगुर्डेचा शब्द आहे."

दुसऱ्याच दिवशी तिने यादी आणून दिली. महाग नाही, स्वस्त नाही, मधल्या बजेटची. त्यात प्रोसेसरचं नाव होतं, त्याला चालणाऱ्या मदरबोर्डचं नाव होतं आणि दोन्हींखाली लाल रेघ मारून लिहिलं होतं, 'हे दोन जोडीनेच घ्यायचे'.

मी यादी परत केली. "बाळा, कोटेशन मागवताना विशिष्ट कंपनीचं नाव लिहिता येत नाही. पक्षपात होतो."

"अहो पप्पा, पण नाव नाही लिहिलं तर कळणार कसं कुठला हवाय?"

"न कळणं म्हणजेच निष्पक्षता," मी म्हणालो, आणि शुद्ध कागदावर लिहिलं: १) प्रोसेसर, चांगल्या प्रतीचा, १ नग. २) मदरबोर्ड, चांगल्या प्रतीचा, १ नग. बाकीचे भाग खाली ओळीने. जोडी हा शब्द आमच्या नमुन्यात फक्त चपलांसाठी आहे, म्हणून तो वगळला.

कॅनडा कॉर्नरला सुनील नावाचा दुकानदार आहे, त्याच्याकडे प्रथम गेलो. त्याने कागद वाचला, हसला आणि ड्रॉवर उघडला. आत तीन वेगवेगळ्या दुकानांची लेटरहेडं होती.

"तीन पाहिजेत ना साहेब? बसा, चहा घ्या. तिन्ही मीच देतो."

मी ताडकन उठलो. "ऑफिसात हे चालतं हो. पण इथे घरचा पैसा आहे!"

म्हणून दुसरं कोटेशन नाशिकरोडच्या यादव यांच्याकडून घेतलं, आणि तिसरं पंचवटीतल्या धोंडीराम यांच्याकडून. धोंडीराम मिक्सर आणि पंखे दुरुस्त करतात, पण तीनची संख्या भरायला माणूस लागतो. मदरबोर्डचा दर त्यांनी सगळ्यात कमी दिला. चौकशी केली तेव्हा कळलं की तो सनमायकाचा, सहा बटणांचा लाकडी बोर्ड होता. "मोठाच दिलाय की, आईच्या नावाचा म्हणजे मोठाच असणार," ते म्हणाले. त्यांना मी तांत्रिक छाननीत बाद केलं, पण वाईट वाटलं. दर फार चांगला होता.

तुलनात्मक तक्ता तयार झाला. प्रोसेसरमध्ये यादव कमी, मदरबोर्डमध्ये सुनील कमी. दोघांना एकेक वस्तूची ऑर्डर गेली, बाकीचे सगळे भाग सुनीलकडे लागले. मे महिन्याच्या अखेरीस दोन्ही खोकी घरी आली, आणि मी स्नेहलला अभिमानाने म्हणालो, "घे. नियमात बसलेला कॉम्प्युटर."

तिने एक खोकं उघडलं, मग दुसरं उघडलं, आणि तिचा चेहरा पडला.

"पप्पा, या प्रोसेसरला खाली चारशे अठ्ठ्याहत्तर पिना, म्हणजे पाय आहेत. आणि या मदरबोर्डला भोकं सातशे चोपन्न आहेत."

मी कागदावर वजाबाकी केली. "मग अडचण काय? दोनशे शहात्तर भोकं शिल्लक राहतात. कमी पडली असती तर मी जबाबदार. जास्तीची भविष्यातल्या गरजेसाठी ठेवू."

"अहो, ही सतरंजी आहे का, चार माणसं जास्त आली तरी बसतील म्हणून? हे एकमेकांत जातच नाही! दोन वेगळ्या कंपन्यांचं आहे!"

माझी बायको लताबाई स्वयंपाकघरातून बाहेर आली. तिने प्रोसेसर हातात घेतला, मदरबोर्डवर धरून पाहिला आणि म्हणाली, "डब्याला दुसऱ्याच डब्याचं झाकण आणलंय तुम्ही." हे मत तोंडी असल्याने मी विचारात घेतलं नाही.

मी दोन्ही पुरवठादारांना रीतसर पत्रं दिली. यादव म्हणाले, "आमचा प्रोसेसर एकदम ओके आहे, बोर्ड चुकीचा आलाय." सुनील म्हणाला, "बोर्ड ओके आहे, प्रोसेसर चुकीचा आलाय." दोघांचंही खरं होतं, म्हणून दोघांवरही कारवाई करता येईना. मी त्यांच्याकडे सुसंगतता प्रमाणपत्र मागितलं. यादव यांनी 'प्रोसेसर चालू आहे' असं लिहून दिलं. सुनीलने शिक्का मारून दिला: 'सदर मदरबोर्ड हा मदरबोर्ड आहे'.

अशा वेळी समिती नेमतात. मी लताबाईला अध्यक्ष केलं आणि मी स्वतः सचिव झालो. स्नेहल लाभार्थी, तिचे हितसंबंध गुंतलेले, म्हणून तिला बैठकीला बसता येईना. पहिल्या बैठकीला अध्यक्षा कुकरच्या तीन शिट्ट्या होईपर्यंत आल्या नाहीत, गणपूर्तीअभावी बैठक तहकूब. दुसऱ्या बैठकीत अध्यक्षांनी "त्या पोरीला कॉम्प्युटर आणून द्या आणि हा तमाशा बंद करा" असा ठराव मांडला, पण सूचक आणि अनुमोदक एकच असल्यामुळे तो बारगळला.

इकडे जून उजाडला. नऊ तारखेच्या गुरुवारी संध्याकाळी स्नेहल माझ्यासमोर येऊन उभी राहिली. तिचे डोळे भरले होते.

"पप्पा, मला तुमच्या कागदांचा राग येतो. तुमचा नाही, कागदांचा. तुम्ही शब्द दिला तेव्हा तीन कोटेशनं मागवली होती का? रविवारला तुम्ही मुदतवाढ देऊ शकत नाही."

खोटं कशाला बोलू, तिचं खरं होतं. पोर कधी काही मागत नाही. पण बावीस वर्षांची सवय, तोंडातून निघून गेलं, "तसं लेखी दे."

ती आत गेली. मला रात्री जेवण गेलं नाही.

सकाळी चहाच्या कपाशेजारी लाल फितीत बांधलेली फाइल होती. उघडली. स्नेहलचं अक्षर, डावीकडे समास सोडलेला.

'विषय: प्रोसेसर व मदरबोर्ड यांचा एकत्रित संच घेण्याबाबत. सादर. प्रोसेसर व मदरबोर्ड ही दोन वेगळी कामे नसून एकच काम आहे. ती स्वतंत्र न्यूनतम दराने घेतल्यास प्रत्येक वस्तू योग्य व एकूण कॉम्प्युटर निरुपयोगी ठरतो. सबब, सुनील यांच्याकडून मदरबोर्ड बदलून घ्यावा. सक्षम प्राधिकारी यांनी दिनांक १४ एप्रिल रोजी मिरवणुकीत तोंडी मंजुरी दिलेली आहे. तीस कार्योत्तर लेखी मान्यता मिळावी. अनुमतीस्तव सादर.'

अहाहा! काय टिपणी! सबब काय, कार्योत्तर काय! माझ्या हाताखालच्या चार कारकुनांना जन्मात असं लिहिता आलं नाही. माझ्या डोळ्यांत पाणी आलं आणि मी खाली मान्य म्हणून सही ठोकली.

"झालं?" लताबाईने विचारलं. "एवढ्यासाठी दोन महिने?"

सुनीलने बोर्ड पंधरा मिनिटांत बदलून दिला. "साहेब, पहिल्या दिवशी नाव लिहून आणलं असतं तर तेव्हाच दिला असता ना." शुक्रवारी संध्याकाळी पडद्यावर लाल गाडी धावली. स्नेहलने मलाही एक फेरी दिली. मी सिग्नल शोधत राहिलो आणि शेवटचा आलो.

रविवारी सकाळी कॅबिनेट चादरीत गुंडाळून आम्ही निघालो. बोलावलेली रिक्षा गल्लीच्या तोंडाशीच थांबली.

"आत नाय येत साहेब," रिक्षावाला म्हणाला. "ते गटार बघा की, खालून घासतं. लय येड्या माणसानं बांधलंय."

मी कॅबिनेट छातीशी धरून फरशीवर पाय ठेवला. फरशी डुगडुगली, मी डुगडुगलो, स्नेहल "पप्पा!" म्हणून किंचाळली आणि तिने मला मागून गच्च धरलं. त्या क्षणी दोन महिन्यांचं सगळं त्या एका फरशीवर उभं होतं. कसेबसे पलीकडे गेलो. तिने खाली वाकून एकदा गटाराकडे आणि एकदा रस्त्याकडे पाहिलं.

"पप्पा," ती म्हणाली, "रस्ता चारशे अठ्ठ्याहत्तर आणि गटार सातशे चोपन्न आहे का हो?"

ती दुसरी आली. बत्तीस जणांत एकटी मुलगी, आणि दुसरी! मी शिट्टी वाजवली, वरिष्ठ लिपिकाला शोभत नाही तरी वाजवली.

पण तिचा प्रश्न डोक्यातून जाईना. सोमवारी मी तिच्या टिपणीची झेरॉक्स साहेबांपुढे ठेवली आणि म्हणालो, "सर, यापुढे रस्ता आणि गटार एकत्रित संच म्हणून घेऊ."

साहेबांनी शांतपणे वाचलं. "चांगलं लिहिलंय. पण गांगुर्डे, तक्रार कुणाची आहे?"

मी आवक रजिस्टर काढलं आणि पान न् पान पाहिलं. गटाराविरुद्ध एकही अर्ज नव्हता. एकोणीस वर्षांच्या पोरीने एका मदरबोर्डसाठी टिपणी लिहिली, आणि अख्ख्या कॉलनीने, माझ्यासकट, फूटभर उंच गटारासाठी एक ओळ लिहिली नव्हती. साहेबांनी झेरॉक्स फाइलला लावली आणि फाइल बंद केली.

तुम्ही इथवर हसत आला असाल, तर जरा आपल्या गल्लीच्या तोंडाशी जाऊन पाहा. तिथेही एक फरशी असेल. ती तुम्हीच टाकली आहे, रोज तिच्यावरून तोल सांभाळत जाता आणि पाहुण्यांना "जपून हं" म्हणता. आमच्या दप्तरी ती 'लोकसहभाग' या सदरात नोंदलेली आहे. पुढे शेऱ्याचा रकाना असतो, तो मी स्वतः भरला आहे: नागरिक समाधानी.