गमरेकाका पेपर वाचतात

गमरेकाकांनी जन्मात कधी पेपर मनातल्या मनात वाचला नाही. दूधवाला येऊन गेला की ते वाशीतल्या आमच्या बिल्डिंगच्या गॅलरीत स्टूल टाकायचे, चष्मा पुसायचे आणि घसा खाकरून थेट पेपरच्या नावापासून सुरुवात करायचे. नाव, वार, किंमत, सगळं. मग बातम्या, लग्नाच्या जाहिराती, हरवलेली माणसं, पाणी कुठं येणार नाही ते. "उरलेला मजकूर पान पाचवर" हेसुद्धा वाचायचे आणि पान उलटेपर्यंत आम्हाला ताटकळत ठेवायचे.

आमचं दार अगदी समोर. लग्न होऊन आले त्या पहिल्याच सकाळी मला वाटलं, शेजारी भांडण जुंपलंय. सासूबाई म्हणाल्या, "छे गं, काका पेपर वाचतायत. होईल सवय." सवय कसली होतेय! मला ऑफिसची घाई, खाडीपुलावरून जाणारी बस चुकायची धास्ती, गॅसवर कुकर, आणि बाहेर कुठला तरी पंतप्रधान कुठल्या तरी देशात पोचलेला. वर काकांचं पालुपद, "ऐका, ऐका, कामाचं आहे." टकलावर केस उगवणाऱ्या तेलाची जाहिरातही कामाची!

एकदा मी वैतागून म्हटलं, "काका, आता घरोघरी पेपर येतो. मनात वाचा ना."

काका माझ्याकडे बघतच राहिले. "मनात? ते काय प्रेमपत्र आहे, पोरी?"

चिपळूणकडच्या त्यांच्या वाडीत पेपर एकच यायचा, तोही शिळा. वाडीत वाचता येणारे दोघं-तिघं. त्यातल्या एकानं विहाराच्या पायरीवर बसून मोठ्यानं वाचायचा आणि बाकीच्यांनी ऐकायचं, अशी रीतच होती. पुढं ते काम काकांकडे आलं. ओठ न हलवता कुणी पेपर वाचायला लागला, तर म्हातारी माणसं म्हणायची, "काय रे, आमच्यापासून काय लपवतोस?" नोकरीसाठी काका मुंबईच्या चाळीत आले, तिथून या नव्या शहरातल्या फ्लॅटमध्ये आले, रीत बरोबर घेऊन आले.

आणि अशा माणसानं एके दिवशी पहिल्या पानावरची मोठी बातमी चक्क गाळली. घाटात ट्रक दरीत कोसळल्याची. काका तिच्यावरून उडी मारून साबणाच्या जाहिरातीवर गेले, तेही तारस्वरात. मी दारातूनच म्हटलं, "काका, वरचं राहिलं की!" तर त्यांनी असे डोळे वटारले की मी आतच गेले.

नंतर जिन्यात त्यांनी मला गाठलं. "सुधाकर कळंबोलीहून लोखंड भरून घाट चढतो, ठाऊक आहे ना? काकूनं अपघाताचं ऐकलं की पोरगा दारात दिसेपर्यंत ती पाण्याचा घोटही घेत नाही. मागं असंच होऊन चक्कर येऊन पडली. तिला वाचता येत नाही, तेवढंच बरं." सुधाकर म्हणजे त्यांचा एकुलता एक मुलगा. फोन तेव्हा कुणाकडे होता? गाडी निघाली की परत येईपर्यंत नुसती वाट बघायची.

मग मला सगळाच उलगडा झाला. काकांच्या घरचा रेडिओ गाणी छान गायचा, बातम्या लागल्या की नेमका खरखरायचा, कारण बटण काकांच्या हातात. आणि टीव्हीला तर त्यांनी दारातसुद्धा उभं केलं नाही. आमच्या गच्चीवर अँटेनांची नुसती दाटी झाली, रंगीत टीव्ही आले, पण काका आपले, "डोळे जातात. माणसं बोलेनाशी होतात." लोक त्यांना चिक्कू म्हणायचे. मला राग यायचा, पण सांगणार कुणाला?

काकू मग मालिका बघायला आमच्याकडे यायच्या. पाठोपाठ काका, पहारेकऱ्यासारखे. मालिका संपायच्या आत, "चल गं, आमटी लागेल खाली." आमटी उतरवून ठेवलेली असली तरी.

एका संध्याकाळी मात्र काकांना खुर्चीतच डुलकी लागली. बातम्या सुरू झाल्या. घाट, दोर, उलटलेला ट्रक. काका दचकून उठले आणि दोन्ही हात पसरून टीव्हीसमोर उभे राहिले.

"ऐका, ऐका! कांदा स्वस्त झालाय! बटाटा पण! रद्दीवाला उद्या येणार आहे!"

"अहो गमरे, सरका की! काय चाललंय तुमचं?" सासूबाई ओरडल्या. आमचे हे हसू दाबत होते.

"सरका हो," काकू म्हणाल्या. "सकाळीच गेलाय सुधा. मला ठाऊक आहे."

"तसं काही नाही गं, हे भलतीकडचं—"

"तुम्ही जाहिराती ओरडून वाचायला लागलात की मला कळतं, आज घाटात काहीतरी झालंय. इतकी वर्षं ऐकतेय. कुठं झालं, कुणाचं झालं, ते काहीच कळत नाही. आत बसून एकटीनंच घाबरायचं. त्यापेक्षा सांगत जा ना मला."

काकांचे हात खाली आले. टीव्हीवर तोवर हवामान लागलं होतं. ट्रक कुणाचा, ते कुणीच सांगितलं नव्हतं.

सकाळी सुधाकर आलेला नव्हता. काका गॅलरीत बसले होते. मी आपली मुद्दाम दारातच घुटमळत होते, बस गेली तर गेली. काकू बाहेर येऊन त्यांच्या स्टुलाला टेकून खाली बसल्या. काकांनी पेपरचं नाव वाचलं नाही, वार वाचला नाही. "घाटात ट्रक कोसळून..." इथपर्यंत आले आणि पुन्हा चष्मा पुसायला लागले. काकूंनी त्यांच्या गुडघ्यावर हात ठेवला. काकांनी नावं वाचली. ड्रायव्हरचं, मग क्लीनरचं, गावासकट.

त्यांत सुधाकर नव्हता.

मी श्वास सोडला. काका पेपरची घडी करू लागले, पण काकूंनी त्यांचं मनगट धरलं.

"आणखी एकदा वाचा ती नावं," त्या म्हणाल्या. "हळू वाचा. त्यांच्याही आया आहेत."