सुईचे वैरी सबनीस डॉक्टर

लखनौला अलीगंजमध्ये राहायचो तेव्हा सकाळी दार वाजायचं आणि नमस्कार-चमत्कार काही न करता सबनीस डॉक्टर विचारायचे, "दही लागलं का?"

लागलं म्हटलं की स्वारी पुढच्या दाराशी. नाही म्हटलं तर मात्र डोळे चमकायचे. "म्हणजे रामदुलारेनं सुई टोचली!"

रामदुलारे आमच्या कॉलनीमागचा दूधवाला आणि सबनीस लष्करातून निवृत्त झालेले गुरांचे डॉक्टर. म्हशीला अँटिबायोटिक टोचलं की ते दुधात उतरतं, विरजणाला मारतं आणि दही लागत नाही, हे त्यांनी इतक्यांदा सांगितलं होतं की माझ्या बायकोला ते स्तोत्रासारखं पाठ होतं. जन्मभर सुया टोचलेल्या माणसाचं सुईशी एवढं वैर! "जंतूंना सवय लावू नका," हे पालुपद. "उठसूट ओरडणाऱ्या मास्तराला पोरं भितात का?" मला साधी सर्दी झाली तरी ते आधी माझ्या गोळ्या जप्त करायचे.

एका थंडीत रामदुलारेच्या रानी नावाच्या म्हशीची कास सुजून दगडासारखी झाली. त्यानं आपल्या मनानं नेहमीच्या सुया टोचल्या. ढिम्म फरक नाही. एरवी इतक्यांदा टोचल्या होत्या की जंतू आता त्यांना जुमानत नव्हते. कास गेली असती तर रानीला विकावं लागलं असतं, आणि असली म्हैस कोण घेतं हे सगळ्यांनाच ठाऊक होतं.

"डाक्साब, कोई तेज वाली सुई दे दीजिए," तो रडकुंडीला आला होता.

"पहले हाथ, फिर सुई," म्हणत डॉक्टरांनी बाह्या सरसावल्या.

कास शेकायची, नासलेलं दूध पिळून टाकायचं, पुन्हा शेकायची. दिवसभर हेच. रानीनं लाथ मारून त्यांचा चष्मा शेणात उडवला, तर म्हणाले, "शाबास, अंगात ताकद आली!" मी बँकेतून येताना डोकावायचो तेव्हा ते तिच्याशी चक्क मराठीत बोलत असायचे. "सोस गं बाई थोडं." लखनवी म्हैस निमूट ऐकायची.

आठवड्याभरात कास मऊ पडली. सुई लागलीच नाही. रामदुलारेनं लड्डू वाटले.  डॉक्टरांनी मात्र कासेवर हात ठेवला आणि बराच वेळ काढला नाही.

"अभी थोड़ा गरम है. कल भी सेंकना पड़ेगा."

मीही हात लावून पाहिला. कास म्हशीच्या बाकीच्या अंगाइतकीच कोमट होती. जनावराच्या बाबतीत हा माणूस कधी खोटं बोलला नव्हता. सबनीसकाकू वारल्यापासून त्यांना घरात बोलायला कुणी नव्हतं, हे मला त्या गोठ्यात उमगलं आणि फार वाईट वाटलं.

रामदुलारेनंही कास चाचपली. एकदा डॉक्टरांकडे पाहिलं आणि त्यांच्यासाठी स्टूल पुढे सरकवलं.

"हाँ डाक्साब, बहुत गरम है. आप रोज आइएगा."