पवार सरांच्या नावाची मूठ

आमच्या शाळेतले फुटबॉलचे पवार सर गळ्यात शिट्टी घालायचे, पण वाजवायचे नाहीत. मी गुजराती मुलखातल्या बमरोलीच्या या मराठी शाळेत भाषा शिकवायला आले, त्याच्या कितीतरी आधीपासून ती तिथे लटकत होती. मैदानावर पोरांना थांबवायचं, वळवायचं, पळवायचं, सगळं सर हातांनी करायचे.

सर अमळनेरकडचे. तरुणपणी इथे कापडाच्या लूमवर होते. त्या खडखडाटात शेजाऱ्याची हाक ऐकू येत नाही, म्हणून कारागीर खुणांनी बोलतात. सरांनी त्याच खुणा फुटबॉलला लावल्या. चिमूट धरून पिळली की 'धागा तुटला, जोड', म्हणजे पास चुकला, परत दे. आमची पोरं लूमवाल्यांचीच. त्यांना समजावून सांगावं लागत नाही. एकदा समोरच्या कोचनं तक्रार केली, की हा माणूस काहीतरी मंतरतोय. रेफरी धावत आला, हे काय करताय म्हणून.

"साहेब, आ शुं करो छो?"

"वात करुं छुं," बोलतोय, एवढंच सर म्हणाले आणि पुन्हा चिमूट पिळू लागले.

स्टाफरूममध्ये दोघांचं वाजलं, तरी कोपऱ्यातून सरांची चिमूट वर यायची. माझं आणि मुख्याध्यापकांचं अनेकदा त्यांनी असंच जोडून दिलंय. मला राग यायचा. नंतर हसूही यायचं.

यंदा सर निवृत्त झाले. त्यांच्या जागी कुणी येणार नाही, फुटबॉल बंद, असं शाळेनं सांगून टाकलं. सरांची बायको गेल्याला बरीच वर्षं झाली, मूलबाळ नाही. आता हा माणूस दिवसभर करणार काय, याची मला खरोखर काळजी वाटत होती. श्रावणात मी म्हटलं, "कानबाईच्या सणाला गावी जा. भावांकडे राहा थोडे दिवस."

"तठे मनी मूठच नही, बाई," ते म्हणाले.

मी वऱ्हाडातली, मला कळेना. मग त्यांनी सांगितलं. कानबाई ही खानदेशी घरांची देवी; तिच्या रोटांसाठी, म्हणजे नैवेद्याच्या पुरणपोळ्यांसाठी, घरातल्या प्रत्येकाच्या नावानं सव्वा मूठ गहू घेतात, आणि ते रोट फक्त घरच्यांनीच खायचे. सर एका वर्षी मॅच होती म्हणून गेले नाहीत, पुढच्या वर्षीही मॅचच निघाली. भावांनी त्यांच्या नावाची मूठ घेणं सोडून दिलं.

रोटाच्या रविवारी मी त्यांच्या खोलीवर डोकावले. देवी मांडलेली नव्हती, पण पुरणाचे रोट, खीर, गंगाफळाची म्हणजे लाल भोपळ्याची भाजी, सगळं तयार होतं. एकट्या माणसाला महिनाभर पुरेल एवढं.

"एवढं कुणासाठी?"

"गोलीनी मूठ, बॅकस्नी, फॉरवर्डस्नी..." बोलता बोलता ते थांबले. "घेतल्या सगळ्यांच्या. पण त्यांच्या घरी त्यांचे रोट आहेत. दुसऱ्याचे कसे खातील? माझ्या डोक्यातच आलं नाही."

आयुष्यभर खानदेशी राहिलेला माणूस हे विसरला होता. ताटं मांडलेली तशीच होती, शेजारी रोटांचा भरलेला डबा, आणि सर दाराकडे बघत नव्हते, मुद्दाम.

तेवढ्यात जिन्यावर पावलं वाजली. गोलकीपरची आई दारात आली, डोक्यावरचा पदर सावरत. नवऱ्यासारखीच तीही लूमवर जाते.

"सर, आमना घर बी तुमना नावनी मूठ लिधी शे. चला. पोरे खाले उभा शेतस." मग तिची नजर ताटांवर आणि डब्यावर गेली. तिला सगळं कळलं असावं. "आनी हाई डबा बी ली चला. घरनंच शे ना?"

सरांनी बोलायला तोंड उघडलं. मग त्यांनी हात वर केला, चिमूट धरली आणि हळूच पिळली.

"हो," ती म्हणाली, "जुडना धागा."

आणि डबा तिनंच उचलला.